ठेवायचा की द्यायचा?

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, खडकीचा धनराज पिल्ले आठवतो, नाहीतर ‘चक दे’मधला शाहरुख. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचीच. आपल्या हॉकीला ते लोक ‘फील्ड हॉकी’ म्हणतात, तेही जरा आठवून आठवून. आपण भाकरी कशाची असं विचारत नाही, ज्वारीचीच असणार हे गृहीत असतं, तसंच ते.

तर विषय हॉकीचाच आहे, पण मैत्रिणींनो, पान उलटू नका. कारण हा विषय खेळाचा जेवढा आहे तेवढाच घराचा आहे. घरात कामाचं पण जरा तापट माणूस असेल, तर त्याला सांभाळायचं की वाटेला लावायचं, हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला पडलेला नाही?

२०१९च्या एप्रिलमध्ये मी लेकीकडे मिसिसागाला गेले, सहा महिन्यांसाठी. टोरोंटोला लागूनच हे शहर. बाहेर झाडांना पान नाही आणि घरात संध्याकाळ झाली की जावई आणि दहा वर्षांचा नातू टीव्हीसमोर. टोरोंटोचा संघ ‘मेपल लीफ्स’. १९६७नंतर त्यांनी ‘स्टॅनली कप’ एकदाही जिंकलेला नाही. तरी लोकांचं प्रेम बघा! आमच्या बार्शीत निवडणुकीच्या दिवसात जशी पारावर चर्चा चालते, तशी तिथे बसमध्ये, दुकानात, दंतवैद्याकडेसुद्धा या संघाची चालते.

मला सुरुवातीला काही कळायचं नाही. ती काळी चकती दिसायचीच नाही, इतक्या वेगात जाते. मग लेकीने शनिवारी पंजाबी समालोचन लावून दिलं. हो, ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या तिथल्या जुन्या कार्यक्रमाची पंजाबी आवृत्ती २००८ साली सुरू झाली. आपलं हिंदी चांगलं असलं की पंजाबी निम्मं-अर्धं कळतंच. चार सामन्यांत मी तयार झाले.

खेळ असा. बर्फावर एका संघाचे सहा जण. एक गोलरक्षक, दोन बचावाला, तीन पुढे. पुढच्या तिघांत मधला तो ‘सेंटर’. हे तिघं म्हणजे एक फळी, लाइन म्हणतात. अशा चार फळ्या असतात. एक फळी पाऊण मिनिट जीव खाऊन पळते आणि धापा टाकत बाकावर येते, की दुसरी कुंपणावरून उडी मारून आत. खेळ थांबतही नाही. सेंटरला सगळ्यात जास्त काम. पंच चकती टाकतो तेव्हा समोरच्या सेंटरशी झटापट करून ती आपल्याकडे ओढायची, पुढे जाऊन गोलची संधी करायची, आणि चकती हरवली की सगळ्यात आधी उलटं पळत येऊन बचाव करायचा.

पहिल्या फळीचा सेंटर हा संघाचा राजा. त्याचे फोटो, त्याच्या नावाचे सदरे, सगळ्यात मोठा पगार. पण समोरचा संघ आपले उत्तम बचावपटू त्याच्याच मागे लावतो. तेव्हा सामना खरा कुठे फिरतो? दुसऱ्या फळीवर. दुसऱ्या फळीचा सेंटर चांगला असला की समोरच्याची पंचाईत होते, कुणाकुणाला अडवणार?

मला तर हे ऐकून लगेच आमच्या वाड्यातल्या तीन सुना आठवल्या. मोठी मानाची, धाकटी लाडाची आणि मधली कामाची. लग्नकार्यात हळदीकुंकवाला मोठी, फोटोत धाकटी, आणि कोठीच्या किल्ल्या मधलीच्या कनवटीला. ती चार दिवस माहेरी गेली की दूध नासायचं!

मेपल लीफ्सची मधली सून म्हणजे नाझेम काद्री. आजोबा लेबनॉनहून कॅनडात आलेले, हा जन्मला ओंटारिओतल्या लंडनमध्ये (तिथेही एक लंडन आहे). २००९च्या निवडीत टोरोंटोने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. घडायला वेळ लागला, पण घडला. २०१६-१७मध्ये ३२ गोल, २०१७-१८मध्येही ३२. तोपर्यंत ऑस्टन मॅथ्यूज हा तरुण हिरा संघात आला होता, म्हणून काद्री दुसऱ्या फळीवर. पगार वर्षाला ४५ लाख डॉलर. आपल्याला आकडा ऐकून घेरी येते, त्या वेळच्या भावाने तीस कोटींच्या वर. पण तिथल्या बाजारात असा सेंटर या भावात म्हणजे स्वस्तच.

मग २०१८च्या जुलैत टोरोंटोने जॉन टावारेसला आणलं. वर्षाला १ कोटी १० लाख डॉलर, सात वर्षांसाठी. टावारेस जन्मला मिसिसागातच, म्हणजे घरचं पोर घरी आलं असा सगळीकडे आनंदीआनंद. आणि काद्री? सरकला तिसऱ्या फळीवर. खेळायला मिळणारी मिनिटं कमी, गोल ३२वरून १६वर आले. यात नवल ते काय? कोठीच्या किल्ल्या काढून घ्यायच्या आणि मग ‘हल्ली हिचं कामात लक्ष नाही’ म्हणायचं, यातला प्रकार.

पण खोट होती, ती लपवायचं कारण नाही. डोकं फार तापट. २०१८च्या बाद फेरीत बोस्टनच्या खेळाडूला बेकायदा धडक दिली म्हणून तीन सामन्यांची बंदी. आणि २०१९मध्ये मी स्वतः बघितलं. १३ एप्रिल, शनिवार, पुन्हा बोस्टनच. बोस्टनच्या जेक डेब्रस्कने आमच्या संघातल्या जुन्याजाणत्या पॅट्रिक मार्लोला धडक दिली. (बघा, ‘आमच्या’ म्हणाले!) तर हा धावत गेला आणि दोन्ही हातांत आडवी धरलेली काठी त्याच्या तोंडावर. पंजाबी समालोचकही क्षणभर गप्प झाला. उरलेल्या फेरीची बंदी, म्हणजे पाच सामने. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि २३ तारखेला टोरोंटो १-५ने हरलं. २०१८मध्येही सातव्याच सामन्यात हरले होते. दोन वर्षं, तोच प्रतिस्पर्धी, आणि दोन्ही वेळा हा ऐन गरजेला कोट घालून प्रेक्षकांत.

झालं! शहरभर एकच प्रश्न. ठेवायचा की द्यायचा?

तिथे खेळाडू ‘देता’ येतो. पैसे घेऊन विकणं हल्ली नाही, अदलाबदल. तुमचा एक घ्या, आमचा एक द्या. शिवाय प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते, २०१९-२०साठी ती ८ कोटी १५ लाख डॉलर होती. मालक कितीही गडगंज असला तरी तिच्यावर जाता येत नाही. टोरोंटोने तर टावारेस आणि मॅथ्यूज या दोघांनाच मिळून सव्वादोन कोटींच्या वर कबूल केलेले. तिसरा, मिच मार्नर, करारासाठी दाराशी उभा. महिन्याच्या पगारातून दूधवाला, किराणा, शाळेची फी भागवून उरलेल्यात दिवाळी करायची असते, तसलाच हिशेब. आणि उजव्या हाताने खेळणारा बचावपटू तर हवाच होता.

घरात दोन पक्ष पडले. जावयांचं म्हणणं, द्यावा. ते म्हणाले, “आई, तुम्ही भावनेने बघताय. गेल्या वर्षी बास्केटबॉलच्या रॅप्टर्सने काय केलं? डीमार डीरोझन म्हणजे शहराचा जीव की प्राण. त्याला देऊन कवाय लेनर्डला आणलं. लोकांनी तेव्हा शिव्या दिल्या. आता बघा.” आणि खरंच, त्याच जूनमध्ये रॅप्टर्सने अजिंक्यपद मिळवलं आणि टोरोंटोत लाखो लोक रस्त्यावर आले. या उदाहरणापुढे बोलायची सोय नव्हती.

नातवाचं म्हणणं, ठेवावा. कारण काय, तर “आजी, तो मॅड आहे, पण आपला मॅड आहे.”

मी नातवाच्या बाजूची. आणि नुसत्या मायेने नाही. माझा हिशेब सरळ होता. लेनर्ड डीरोझनपेक्षा मोठा खेळाडू होता, दिलं त्याहून मोठं हाती आलं. काद्रीच्या बदल्यात काद्रीएवढा सेंटर मिळणार नव्हता, मिळणार होती दुसरी वस्तू. पातेलं देऊन परात आणायची. परात हवी असेलही, पण मग भात कशात शिजवणार? शिवाय ४५ लाखांचा करार अजून तीन वर्षं शिल्लक. इतका चांगला माणूस इतक्या कमी पैशात मर्यादेच्या आत बसतो, ही ठेवण्याची बाजू होती, देण्याची नव्हे. राहिलं डोकं. अट्ठाविसाव्या वर्षी डोकं तापतं, त्याला बसवून बोलणारं कुणी हवं.

(त्या संघाच्या कचेरीत खेळाडू घडवण्याच्या कामावर तेव्हा हेली विकनहायझर ही बाई होती. कॅनडाच्या महिला संघातून ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं, एकीकडे डॉक्टरकीचा अभ्यास. २०२१मध्ये ती डॉक्टर झाली आणि २०२२मध्ये संघाची सहायक महाव्यवस्थापक. काद्रीच्या बाबतीत तिचा सल्ला कुणी घेतला असेल का, हा विचार मात्र माझ्या मनात तेव्हापासून आहे.)

निर्णय झाला १ जुलै २०१९ला, म्हणजे नेमका ‘कॅनडा डे’. शेजारपाजारी लाल-पांढरे झेंडे, संध्याकाळी फटाके, आणि बातमी आली की काद्रीला कोलोराडोला दिलं. त्याच्याबरोबर आणखी एक बचावपटू गेला आणि बदल्यात आले टायसन बॅरी, अलेक्झांडर केरफूट. महाव्यवस्थापक काइल ड्युबस, वय जेमतेम तेहतीस. त्यांना मी सरसकट चूक म्हणणार नाही. पगाराची मर्यादा खरी होती, दोन वर्षांच्या दोन बंद्याही खऱ्या होत्या. नातू त्या रात्री फटाके बघायला गेला नाही, एवढं लिहिते आणि पुढे जाते.

यातली एक गोष्ट मला फार लागली. काद्रीच्या करारात एक कलम होतं, अमुक दहा संघांत मला पाठवायचं नाही. त्याआधी त्याला कॅलगरीला द्यायचं घाटत होतं, तेव्हा याच कलमाच्या जोरावर तो नाही म्हणाला. त्याला टोरोंटोतच राहायचं होतं. पण नाही म्हणून थांबलं नाही. जिथे नाही म्हणायची सोय नव्हती तिथे पाठवलं. बँकेतल्या माणसांच्या बायकांना हे सांगायला नको. एक बदली कशीबशी रद्द करून घ्यावी, तर दुसरी ऑर्डर आणखी लांबची येते. ज्यांच्या करारात असं कलमच नसतं, त्यांना तर नुसता फोन येतो. सकाळी सरावाला गेलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात. मागे राहिलेलं घर, मुलांची शाळा, सामानाची बांधाबांध कुणी करायची, हे काय सांगायला हवं?

आणि दोष? तोही तिच्याच माथी येतो. १९८८च्या ऑगस्टमध्ये एडमंटनने वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला दिलं. हॉकीतला सचिन म्हणा. त्याचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. बायको जॅनेट जोन्स, अमेरिकन अभिनेत्री. झालं, गावभर बोभाटा की हिनेच नेला! खरा व्यवहार असा की संघमालक पीटर पॉकलिंग्टन यांनी त्यात दीड कोटी डॉलर रोख घेतले. तरी ‘सुनेनं पोराला तोडलं’ ही ओरड झालीच. बर्फाच्या देशात काय नि आपल्याकडे काय!

असो. पुढचं मी इकडे बार्शीत बसून, नातवाच्या फोनवरून ऐकलं.

बॅरी टोरोंटोत एक हंगाम टिकला आणि २०२०मध्ये निघून गेला. परात गेली. केरफूट २०२३पर्यंत राहिला, भला खेळाडू, पण काद्री नव्हे. टोरोंटो २०२०, २०२१, २०२२ तिन्ही वर्षं पहिल्याच मालिकेत बाहेर.

कोलोराडोत पहिल्या फळीवर नेथन मॅकिनन हा महारथी होता आणि दुसऱ्या फळीची जागा रिकामी. काद्री तिथे नेमका बसला. पण स्वभाव काही विमानतळावर ठेवून येता येत नाही. २०२१च्या बाद फेरीत त्याने सेंट लुइसच्या खेळाडूच्या डोक्यावर धडक दिली, या वेळी बंदी आठ सामन्यांची. कोलोराडोही त्या वर्षी पुढच्या फेरीत हरलं. आता प्रश्न डेन्व्हरमध्ये, ठेवायचा की द्यायचा? कराराचं एकच वर्ष उरलेलं. टोरोंटोने ज्या कारणासाठी दिला, ते कारण तर आणखी मोठं होऊन समोर उभं. त्यांचे महाव्यवस्थापक जो सॅकिक स्वतः मोठे सेंटर होऊन गेलेले. त्यांनी ठेवला.

२०२१-२२मध्ये काद्रीने ७१ सामन्यांत ८७ गुण केले (गोल आणि गोलला दिलेली मदत मिळून), तोवरच्या कारकीर्दीतले सर्वाधिक. मग बाद फेरी, आणि पुन्हा सेंट लुइसच. तिसऱ्या सामन्यात तो त्यांच्या गोलरक्षकावर जाऊन आदळला आणि गोलरक्षक जखमी झाला. पंचांनी शिक्षा दिली नाही. पण त्याच्या धर्मावरून, वंशावरून इतके घाणेरडे संदेश आणि धमक्या आल्या की पोलिसांचं संरक्षण घ्यावं लागलं. आता याचं डोकं किती तापेल, अशी मला धास्ती. त्याने काय केलं? पुढच्या सामन्यात, त्याच गावात, त्याच प्रेक्षकांच्या आरोळ्यांमध्ये तीन गोल. काठी उगारली नाही, कुणाला धडक नाही. नातू फोनवर इंग्रजीत ओरडत होता, मला एक शब्द कळला नाही, पण कळलं.

त्याच्या पुढच्या फेरीत ४ जूनला त्याचा अंगठा मोडला. शस्त्रक्रिया झाली. आता हंगाम संपला असंच सगळे धरून होते. २२ जूनला, अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात तो परतला आणि जादा वेळेत विजयी गोल त्याचाच! २६ जून २०२२ला कोलोराडोने स्टॅनली कप जिंकला. या चषकावर नाव कोरलं गेलेला तो पहिला मुस्लिम खेळाडू. ज्यांना मी मोक्याच्या सामन्यांत ओझं वाटत होतो, त्यांच्यासाठी म्हणून तो टीव्हीवर जे बोलला, ते या पुरवणीत छापता येणार नाही. ऑगस्टमध्ये तो चषक घेऊन आपल्या गावी, लंडनला गेला, मशिदीतही घेऊन गेला. तो फोटो नातवाने मला पाठवला होता.

आता वाटेल, मग कोलोराडोने त्याला जन्मभर ठेवला असेल. नाही! त्याच उन्हाळ्यात करार संपला आणि त्यांनी जाऊ दिला. कॅलगरीने देऊ केले वर्षाला ७० लाख, सात वर्षांसाठी, म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत. हो, तीच कॅलगरी, जिथे २०१९मध्ये तो जायला तयार नव्हता. पाठवत होते तेव्हा नको होती, स्वतःच्या पायाने गेला तेव्हा चालली.

इथे माझं मत जरा फिरतं. कोलोराडोचा पैशाचा हिशेब मला पटतो. एकतीस वर्षांच्या माणसाला सात वर्षांची हमी देणं मर्यादेत बसवायचं म्हणजे पुढच्या पोरांच्या तोंडचा घास काढणं. पण जाऊ द्यायचा तर जागी कोण, हे आधी ठरवायला हवं होतं. न्यूहूक झाला, कॉम्फर झाला, २०२३मध्ये योहानसेनला आणलं, तो वर्षही टिकला नाही. २०२४च्या मार्चमध्ये मिटेलस्टाटसाठी चषक जिंकलेल्या संघातला बोवेन बायरम हा तरुण बचावपटू देऊन टाकला आणि वर्षभरात मिटेलस्टाटलाही वाटेला लावलं. २०२५च्या मार्चमध्ये ब्रॉक नेल्सन आला, त्याच्यासाठी एक होतकरू पोरगा आणि पुढच्या निवडीतला पहिला हक्क मोजला. एका मधल्या सुनेच्या जागी किती जणी बघितल्या मोजा! २०२३मध्ये पहिल्या फेरीत बाहेर, २०२५मध्येही पहिल्याच फेरीत.

आणि टोरोंटो? २०२५च्या जूनमध्ये टावारेसचा तो गाजलेला करार संपला. आता तो चौतीस वर्षांचा, मॅथ्यूजच्या मागे दुसऱ्या फळीवर. पण त्या हंगामात ३८ गोल केलेले. पुन्हा तीच चर्चा. नातू एव्हाना सोळा वर्षांचा आणि माझ्यापेक्षा फूटभर उंच. त्याचा फोन आला. “आजी, ठेवला! चार वर्षांसाठी. १ कोटी १० लाखांवरून ४४ लाखांच्या आत आला. घर सोडून जायचं नाही म्हणाला.”

“आणि नाझेमला तेव्हा किती देत होते रे?” मी विचारलं.

“पंचेचाळीस लाख,” तो म्हणाला.